पाटी तीच, माणूस दुसरा

अमेरिकेहून परत आलेल्या बाईला आपल्याकडे ठरलेले प्रश्न असतात. नायगारा पाहिलात का? तिकडे भाज्या कशा मिळतात? घरकामाला बाई असते का? नायगारा आमचा राहिलाच. भाज्या सगळ्या मिळतात, मेथीसुद्धा. आणि बाई नसते, सगळं आपलं आपणच करायचं. एवढं सांगून झालं की मी कोलंबस गावाची गोष्ट काढते, आणि ऐकणारीच्या चेहऱ्यावर 'हे कुठलं आणखी?' असं स्पष्ट दिसतं. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावंच.

2025 च्या मे महिन्यात धाकट्या दिरांकडे अटलांटाला महिनाभर राहण्याचा योग आला. अटलांटा म्हणजे जॉर्जिया राज्याची राजधानी. अमेरिकेच्या नकाशात उजवीकडे खाली हात न्या, तिथे. आम्ही गेलो तेव्हा दुकानादुकानांतून 'मेमोरियल डे'चे सेल लागले होते. गाद्या, फ्रीज, चादरी, सगळ्यावर सूट. मेमोरियल डे म्हणजे काय विचारलं तर माझा पुतण्या म्हणाला, "काकू, लाँग वीकेंड!" जाऊ हसून म्हणाली, "वहिनी, लढाईत गेलेल्या सैनिकांचा दिवस असतो तो. मे महिन्याचा शेवटचा सोमवार." सैनिकांच्या आठवणीच्या दिवशी गाद्यांचा सेल! पण हसायला नको. आपल्याकडे तरी पंधरा ऑगस्टला दुसरं काय होतं?

पहिल्याच रविवारी भाऊजींनी आम्हाला स्टोन माउंटन दाखवायला नेलं. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर एकच एक प्रचंड करडा खडक आहे, झाड नाही झुडूप नाही. एका अंगाला त्यात तीन घोडेस्वार कोरलेले आहेत. आकृती नव्वद फूट उंच आणि एकशे नव्वद फूट रुंद. खाली हिरवळीवर लोक डबे सोडून बसलेले, मुलं चेंडू खेळताहेत. मी कौतुकाने विचारलं, "कोण हो हे?" भाऊजी म्हणाले, "हरलेले."

अमेरिकेत 1861 ते 1865 अशी चार वर्षं यादवी झाली, हे आपण शाळेत लिंकनच्या धड्यात शिकलेलो असतो. दक्षिणेकडच्या अकरा राज्यांनी फुटून 'कॉन्फेडरेट' नावाचं वेगळं राष्ट्र केलं. कारण गुलामगिरी. त्या वेळी तिथे जवळजवळ चाळीस लाख माणसं गुलाम होती, आणि ती सुटली तर आपले कापसाचे मळे बुडाले, अशी मळेवाल्यांना भीती. सहा ते साडेसात लाख सैनिक त्या युद्धात गेले. शेवटी दक्षिण हरली आणि गुलाम मुक्त झाले. त्या हरलेल्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, सेनापती रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन, हे ते तीन घोडेस्वार.

मला वाटलं, युद्ध संपल्याबरोबर दुःखाने कोरलं असेल. पण कोरायला सुरुवात झाली 1923 साली, मध्येच बंद पडलं, 1958 मध्ये राज्य सरकारने डोंगर विकत घेतला, 1964 ला पुन्हा हातोडे चालू झाले आणि काम पुरं झालं 1972 साली! युद्ध संपून शंभरावर वर्षं लोटली होती. आणि मधला तो काळ कोणता, तर काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत बसू द्यायचं की नाही यावरून ह्याच राज्यात रान उठलं होतं तेव्हाचा. दुःख शंभर वर्षांनी इतकं उफाळून कसं आलं, हे मग वेगळं सांगायला लागत नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना विषय निघाला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला असल्यात गोडी असेल तर कोलंबसला जाऊ या. तिथल्या लष्करी तळाचं नाव दोन वर्षांत दोनदा बदललंय." मी शाळेत अर्धवेळ का होईना, इतिहास शिकवते. मला काय, दुसऱ्या दिवशी निघायला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

अटलांटाहून कोलंबस पावणेदोन तासांवर आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उंच पाइनची झाडं आणि खाली माती अगदी कोकणातल्यासारखी तांबडी. घरून थालीपिठं आणि दहीबुत्ती घेतली होती, ती वाटेत एका झाडाखाली संपवली. गाव चॅटाहूची नावाच्या नदीवर आहे. पूर्वी कापडगिरण्यांचं गाव होतं ते. नदीकाठच्या लाल विटांच्या जुन्या इमारती पाहिल्या की तेव्हाचा डौल कळतो.

गावात लिनवूड नावाची जुनी दफनभूमी आहे. सहलीला निघून दफनभूमी पाहायची म्हणजे आपल्याला जरा कसंसंच वाटतं, पण तिकडे लोक सहज फिरतात. मोठे ओक, सावली, शांतता. इथे कोकाकोला शोधून काढणाऱ्या जॉन पेम्बर्टनची कबर आहे. हा गृहस्थ इथला औषधवाला. दक्षिणेच्या बाजूने लढताना 1865 च्या एप्रिलमध्ये ह्याच गावात त्याला तलवारीचा वार लागला, वेदनेसाठी मॉर्फिन घेता घेता त्याची सवय लागली, आणि ती सुटावी म्हणून जी औषधी पेयं तो करून पाहत होता त्यातून पुढे कोकाकोला निघालं. मुलांना हे सांगितल्यावर त्यांची तक्रार एकदम बंद झाली.

पण मी तिथे रेंगाळले ते बायकांसाठी. युद्ध संपल्यावर गावोगाव कबरी ओस पडल्या होत्या. 1866 च्या मार्चमध्ये ह्या गावातल्या बायकांच्या मंडळाच्या चिटणीस मेरी ॲन विल्यम्स यांनी दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांना एक पत्र पाठवलं. वर्षातला एक दिवस ठरवू या, सगळ्यांनी मिळून सैनिकांच्या कबरींवर फुलं घालू या, अशी विनंती होती. 26 एप्रिल ठरला. गावोगावच्या बायका फुलांच्या परड्या घेऊन निघाल्या. दुसऱ्या एका राज्यातल्या कोलंबस नावाच्याच गावी बायकांनी शत्रूच्या सैनिकांच्या कबरींवरही फुलं वाहिली. दोन वर्षांनी उत्तरेनेही मे महिन्यात असाच दिवस सुरू केला. गाद्यांच्या सेलवाला मेमोरियल डे तो हाच.

म्हणजे आठवणीचं हे सगळं काम बायकांनी उभं केलेलं आहे. आपल्याकडे पितृपक्षात पानं वाढणारी बाईच असते, तसंच हे. फक्त पुढे फुलांवर थांबलं नाही. 1894 साली दक्षिणेतल्या बायकांची एक मोठी संघटना निघाली, 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी', म्हणजे त्या हरलेल्या सैन्याच्या लेकी. त्यांनी चौकाचौकांत पुतळे उभारले. शाळेच्या पुस्तकांत काय असावं यावर लक्ष ठेवलं. आमचे वडील गुलामगिरीसाठी लढले नाहीत, आपल्या मातीसाठी लढले, असं दोन-तीन पिढ्यांच्या मनावर ठसवलं. डोंगरावर घोडेस्वार कोरायची कल्पनाही त्यांच्यातल्याच एका बाईंची. बाप-भावाची आठवण धरणं मला कळतं. पण आठवणीतलं नको ते निवडून टाकायचं, जसे तांदळातले खडे, आणि उरलेलंच खरं म्हणून मुलांना शिकवायचं, हे मला शिक्षिका म्हणून पटत नाही.

ह्याच लिनवूडमध्ये हेन्री बेनिंगची कबर आहे. बेनिंग गावातला नामांकित वकील. 1861 च्या फेब्रुवारीत जॉर्जियाने त्याला व्हर्जिनिया राज्यात वकिलीसाठी पाठवलं होतं. आम्ही का फुटलो, तर उत्तरेच्या हाती सत्ता राहिली तर गुलामगिरी जाणार म्हणून, असं त्याने तिथे भर सभेत स्वच्छ सांगितलं. लेकींनी पुढे काहीही म्हटलं तरी बापाने आडपडदा ठेवला नव्हता. मग तो सैन्यात गेला, जनरल झाला, युद्ध हरून परत आला आणि पुन्हा वकिली करू लागला.

1918 साली, पहिल्या महायुद्धात, अमेरिकेला घाईने छावण्या उभारायच्या होत्या. दक्षिणेत जमीन भरपूर, हिवाळा सौम्य. गावकऱ्यांनी खूश राहावं म्हणून छावण्यांना त्यांच्याच भागातल्या सेनापतींची नावं दिली. कोलंबसच्या छावणीला बेनिंग. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीही तोच प्रकार. असे नऊ मोठे तळ झाले. म्हणजे ज्या सैन्याविरुद्ध बंदूक उचलली त्याच सैन्याच्या फाटकावर ह्यांची नावं. आणि त्या फाटकातून काळे सैनिकही रोज आत जात होते.

आता ज्यूलिया मूरची गोष्ट सांगते. कोलंबसला जायचं मी कबूल केलं ते खरं तर भाऊजींनी हिचं नाव घेतलं म्हणून.

1965 साली व्हिएतनामच्या लढाईसाठी ह्याच बेनिंगहून एक पलटण गेली. तिचे प्रमुख होते हॅल मूर. नवरे गेले, बायकांना छावणीतली सरकारी घरं सोडावी लागली. कितीतरी जणी मुलाबाळांना घेऊन कोलंबस गावात बिऱ्हाड करून राहिल्या. ज्यूलिया त्यांच्यातलीच, पाच मुलांची आई. नोव्हेंबरमध्ये या द्रांगच्या खोऱ्यात घनघोर लढाई झाली. दोन मैदानांत मिळून चार दिवसांत 234 अमेरिकन सैनिक मेले. युद्ध नवीन होतं, आणि इतक्या मृत्यूंची बातमी घरी कशी पोहोचवायची याची काही व्यवस्थाच सैन्यापाशी नव्हती. तार यायची. आणि तारवाल्यांनी ती कुणाच्या हाती द्यावी? टॅक्सीवाल्याच्या!

क्षणभर डोळ्यांसमोर आणा. दुपारची वेळ. मुलं नुकती झोपलेली. दारात पिवळी टॅक्सी थांबते, एक अनोळखी माणूस उतरतो, हातात पाकीट देतो आणि निघून जातो. पाकिटात तीन ओळी. बाजूला बसायलाही कुणी नाही. त्या आठवड्यात गल्लीत टॅक्सी शिरली की बायका खिडकीशी गोठून उभ्या राहत, आणि ती पुढच्या घराशी गेली की आधी सुटकेचा श्वास टाकत आणि मग त्या सुटकेचीच त्यांना लाज वाटे.

आमच्या सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांच्या माहेरच्या पट्ट्यात घरटी एक माणूस सैन्यात. तिथल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्दच चिकटला आहे. त्या सांगतात, पोस्टमन तार घेऊन गावात शिरला की चुली थंड पडायच्या. तारेत कुणाच्या बारशाचा निरोप असला तरी आधी पोटात गोळा. 2013 साली आपल्याकडची तार बंद झाली तेव्हा लोक हळहळले, शेवटच्या तारा करून ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, "गेली ते बरं झालं."

तर ज्यूलिया. एके दिवशी तिच्याही दारात टॅक्सी थांबली. दार उघडावं की नाही, असं तिला झालं. उघडलं तर तो माणूस दुसऱ्याच कुणाचं घर विचारत होता! त्या क्षणी काय झालं असेल ते सांगायला नको. पण त्यानंतर तिने केलं ते असं. त्या टॅक्सीवाल्यांच्या पाठोपाठ ती स्वतः त्या घरी जाऊ लागली. कुठल्या घरी तार चालली आहे ते कळलं की ही मागोमाग हजर. विधवा झालेल्या मुलीजवळ बसायचं, तिचं लेकरू घ्यायचं. नवऱ्याच्या पलटणीतल्या ज्यांना ह्या गावात पुरलं, त्यांच्या अंत्यविधीला ती उभी राहिली. आपला नवरा जिवंत आहे आणि हिचा नाही, अशा बाईसमोर जाऊन उभं राहायला काय लागत असेल? आणि तो जिवंत राहील याची तरी तिला कुठे खात्री होती!

नुसती रडत बसली नाही. असं टॅक्सीने मरण पाठवू नका, म्हणून तिने वर आवाज उठवला. शेवटी सैन्याने पद्धत बदलली. आता गणवेशातला अधिकारी आणि बरोबर धर्मगुरू, असे दोघे घरी येऊन बातमी सांगतात. अमेरिकन सिनेमांत आपण ते दृश्य कितीदा पाहतो. त्याच्या मागे एक पाच मुलांची आई आहे, हे मला तरी माहीत नव्हतं. हॅल मूर यांनी पुढे त्या लढाईवर पुस्तक लिहिलं, त्यावर 2002 साली सिनेमा निघाला. ज्यूलिया 2004 साली गेली, हॅल 2017 मध्ये. दोघांनाही बेनिंगच्याच आवारातल्या दफनभूमीत पुरलं आहे. तिथे जायला पास लागतो, त्या फंदात आम्ही पडलो नाही.

नाव बदलण्याची हकीगत अशी. 2020 साली मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड नावाच्या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि देशभर क्षोभ उसळला. पुतळे उतरले, आणि मग त्या नऊ तळांच्या पाट्यांकडे लोकांचं लक्ष गेलं. कॉन्फेडरेटांची नावं काढा, असा कायदा झाला. अध्यक्ष ट्रम्प यांनी तो नाकारला, पण दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने त्यांचा नकार मोडून काढला. आठ जणांची समिती बसली. तिने लोकांकडून सूचना मागवल्या, तर 34 हजारांवर आल्या! सैन्यातल्या सगळ्या पाट्या, रस्ते, इमारती मिळून खर्चाचा अंदाज होता सुमारे सव्वासहा कोटी डॉलर. आणि 11 मे 2023 ला बेनिंगचं नाव झालं फोर्ट मूर. एकट्या हॅलच्या नावाने नव्हे बरं का, हॅल आणि ज्यूलिया दोघांच्या नावाने. लष्करी तळाच्या नावात सैनिकाची बायको!

हे नाव दोन वर्षंही पुरतं टिकलं नाही. 2025 च्या मार्चमध्ये नव्या सरकारच्या संरक्षणमंत्र्यांनी हुकूम काढला, की तळ पुन्हा बेनिंग. पण कायदा तर अजून होता, कॉन्फेडरेटाचं नाव द्यायला मनाई. मग केलं काय? बेनिंग आडनावाचा दुसरा सैनिक शोधून काढला. फ्रेड बेनिंग, पहिल्या महायुद्धातला कॉर्पोरल. वय वर्षं अठरा. 1918 साली फ्रान्समध्ये ह्याचा वरचा अधिकारी मारला गेला तेव्हा ह्या पोराने उरलेल्यांना घेऊन पुढे चाल केली. शौर्यपदक मिळालं, आणि पुढे नेब्रास्कातल्या आपल्या छोट्या गावाचा तो नगराध्यक्ष झाला. म्हणजे पाटी तीच, माणूस दुसरा.

हे ऐकून आमचे हे मोठ्याने हसले. मी नाही हसले. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात, आणि त्या एका रेघेसरशी बाईचं आडनाव जातं, बापाचं नाव जातं, कधीकधी स्वतःचंही जातं. तिला सांगतात, नावात काय आहे. इथे मात्र एका आडनावासाठी एवढा खटाटोप! नावात काही नसतं तर सरकार जुन्या दप्तरांत बेनिंग शोधत बसलं असतं का? आणि त्या फ्रेडवर तरी हा न्याय झाला का? पोरगा शूर होता, त्याचं नाव कुठेही शोभलं असतं. पण पाटी वाचणारा प्रत्येक जण मनात दुसराच बेनिंग धरणार, हे ठाऊक असूनच त्याला तिथे उभं केलं आहे.

तळाच्या फाटकाबाहेरच पायदळाचं मोठं संग्रहालय आहे. तिकीट नाही. आत शिरताच चढण आहे, आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या लढायांचे माणसाएवढे देखावे. एकीकडे यादवीतली अँटिटमची लढाई, आणि पुढे व्हिएतनाममधलं हॅल मूर लढले ते मैदान. अँटिटमला हेन्री बेनिंग स्वतः लढला होता, ह्याच सैन्याच्या विरुद्ध. बाहेर व्हिएतनामच्या स्मारकभिंतीची लहान प्रतिकृती आहे, अठ्ठावन्न हजारांवर नावं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या लाकडी बराकी आणि भटारखाना जसेच्या तसे आणून मांडलेत. तिथली पातेली पाहून जाऊ म्हणाली, "वहिनी, आपल्या कार्यालयातली बरी!"

तिथे एक आजी भेटल्या. निवृत्त सार्जंटच्या पत्नी. दक्षिणी हेल काढून बोलत, मला निम्मं कळे, उरलेलं जाऊ सांगे. त्या म्हणाल्या, "मी जन्मभर बेनिंगच म्हटलं. दोन वर्षं पाटी मूर होती तेव्हाही तोंडात बेनिंगच येई. उगाच खर्च, असंही वाटलं. पण नात विचारायची, ज्यूलिया कोण होती गं? आणि मी तिला सांगत बसायची. आता फ्रेड कोण ते मलाच वाचून यावं लागलं."

आम्ही अटलांटाला असतानाच, 10 जूनला, ट्रम्प यांनी जाहीर केलं की उरलेली नावंही परत येणार. बातम्यांत यादी दाखवली. ब्रॅग तर बेनिंगच्याही आधीच परत आला होता. तिथे दुसऱ्या महायुद्धातला रोलंड ब्रॅग सापडला होता, ज्याने जर्मनांची रुग्णगाडी पळवून आपल्या जखमींना दवाखान्यात नेलं होतं. व्हर्जिनियातल्या फोर्ट लीला आता फिट्झ ली, क्यूबातल्या लढाईत पराक्रम केलेला काळा सैनिक. मी मात्र कुणाचं नाव आलं यापेक्षा कुणाचं गेलं ते पाहत होते.

फोर्ट लीवर दोन वर्षं नाव होतं ग्रेग-ॲडम्स. आर्थर ग्रेग हे काळे लेफ्टनंट जनरल, नाव दिलं तेव्हा हयात होते, 94 वर्षांचे. आणि चॅरिटी ॲडम्स ही आपल्यासारखी शिक्षिका, शाळेत गणित शिकवायची. 1942 साली सैन्यात गेली आणि 1945 साली 855 बायकांची तुकडी घेऊन इंग्लंडला पोहोचली. तिथे गोदामं भरभरून टपाल साठलं होतं, आईबापांची, बायकांची पत्रं, सैनिकांपर्यंत न पोहोचलेली. उंदरांनी कुरतडलेले केकचे डबे. आणि नावांचा घोळ असा, की एकट्या रॉबर्ट स्मिथ नावाचे साडेसात हजार सैनिक! ह्या बायकांनी सत्तर लाख कार्डं करून, तीन पाळ्यांत काम करून, सहा महिन्यांचं टपाल तीन महिन्यांत निकालात काढलं. एका नावाचा माणूस दुसऱ्याच्या जागी चालत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दुसरी मेरी वॉकर. यादवीतली डॉक्टरीण. पाटलोण घालायची म्हणून हिला पोलिसांनी पकडलं होतं. शत्रूच्या तुरुंगात चार महिने काढले. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेली ती आजपर्यंतची एकमेव स्त्री. 1917 साली सरकारने ते पदक परत मागितलं. बाईने दिलं नाही, 1919 साली मरेपर्यंत छातीवर लावून फिरली. 1977 साली ते तिच्या नावावर पुन्हा लागलं. तिचा तळ फोर्ट वॉकर, पूर्वीचा ए. पी. हिल. तिथे तर आद्याक्षरंच जुळवली, अँडरसन, पिन आणि हिल असे लिंकनच्या बाजूचे तीन सैनिक घेऊन. तिघेही शूर, त्यातले दोघे काळे. पण मेरीबाईंना पदकानंतर आता पाटीही परत करावी लागली, आणि ह्या वेळी ती धरून ठेवायला त्या नव्हत्या. मूर, ॲडम्स, वॉकर. बायकांची नावं असलेले तीनच तळ, तिन्ही गेले.

कोलंबसहून परतताना भाऊजींनी मुद्दाम वाकडी वाट केली आणि आम्हाला अँडरसनव्हिलला नेलं. यादवीत इथे दक्षिणेचा कैदखाना होता. उघड्यावर, लाकडी खांबांच्या कुंपणात. दहा हजार माणसांसाठी केलेल्या जागेत एका वेळी तेहेतीस हजार कोंबले होते. चौदा महिन्यांत पंचेचाळीस हजार कैदी आले आणि जवळजवळ तेरा हजार मेले. भुकेने, हगवणीने. आज तिथे गवताचं मोठं मैदान आहे आणि मधून तोच ओढा वाहतो, ज्याचं पाणी ते प्यायचे. कैदखान्याचा प्रमुख हेन्री विर्झ पुढे फाशी गेला. जवळच्या खेड्यात त्याचंही स्मारक आहे, 1909 साली त्या लेकींच्या संघटनेनेच उभारलेलं. आम्ही ते गाडीतूनच पाहिलं.

कबरी इतक्या जवळ जवळ आहेत की दगडाला दगड टेकावा. पुरताना खांद्याला खांदा लावून पुरले होते. त्यांची नावं आज आहेत ती एका पोराच्या चिकाटीने. डॉरेन्स ॲटवॉटर, एकोणीस वर्षांचा कैदी. त्याला मृतांची नोंदवही लिहायच्या कामाला बसवलं होतं. त्याने चोरून तिची दुसरी प्रत केली आणि सुटताना बरोबर आणली. युद्धात जखमींची शुश्रूषा केलेल्या क्लॅरा बार्टन तेव्हा बेपत्ता सैनिकांच्या आयांना उत्तरं लिहीत बसल्या होत्या. 1865 च्या उन्हाळ्यात त्या ही यादी आणि ॲटवॉटरला घेऊन इथे आल्या, आणि एकेका आकड्यावर एकेक नाव लिहून फळ्या लावल्या. तेरा हजारांतले जेमतेम साडेचारशे अनोळखी राहिले.

माहितीच्या खिडकीशी रांग होती. आमच्या पुढे काठी टेकत आलेले एक गृहस्थ होते. त्यांनी पणजोबांच्या भावाचं नाव सांगितलं. आतल्या बाईंनी शोधून एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. ते ती चिठ्ठी हातात धरून, उन्हातून दगड मोजत चालू लागले.